इंदापूरचा दर्या

पत्र आलं होतं फेब्रुवारीत, आणि मी इंदापूरला पोचले ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या त्या उशिरामुळं तसं घडलं.

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाल्यावर एका मासिकात चित्रकारांच्या शब्दांवर अर्धं पान लिहायला लागले. रंगाऱ्यांचे शब्द, मूर्तिकारांचे शब्द, पाटी रंगवणाऱ्यांचे शब्द. एका महिन्यात समुद्राच्या चित्राला मराठीत काय म्हणतात यावर लिहिलं. पुस्तकात 'सागरचित्र' आहे, कुणी 'समुद्रदृश्य' लिहितात, आमच्याकडच्या लॉजवाल्यांनी तर 'सी-व्ह्यू' हा एकच शब्द धरून ठेवलाय. पण साध्या माणसाच्या तोंडी यासाठी शब्दच नाही, असं मी ठोकून दिलं होतं. कारणही दिलं होतं. किनाऱ्यावरची जुनी घरं समुद्राकडं पाठ करून बांधलेली असतात. खारं वारं घरात नको असतं. ज्याच्याकडं पाठ करायची त्याचं चित्र कोण काढणार?

त्यावर इंदापूरहून पत्र आलं. निळी शाई, आणि पाट्या रंगवणाऱ्याचं वळणदार अक्षर.

'आपण लिहिता शब्द नाही. आमच्याकडे आहे. दर्या. आमच्या भागात खऱ्या समुद्राला समुद्रच म्हणतात. दर्या म्हणजे फक्त पडद्यावर रंगवलेला. फोटो काढायला गिऱ्हाईक आलं की मी विचारी, दर्या लावू का बाग? लोक म्हणत, दर्यात काढा. या शब्दाचा आमच्याकडे अजून एक अर्थ झाला आहे. तो लिहिण्यासारखा नाही. इथल्या माणसांना तो सांगता येत नाही. आपण परक्या आहात, म्हणून आपणास सांगेन. जरूर यावे. हमीद पेंटर.'

मी कार्ड टाकलं, 'दिवाळीनंतर नक्की येते.' दिवाळी आली आणि गेली. गुडघा दुखत होता, भाचीचं लग्न होतं, ही झाली सांगायची कारणं. खरं म्हणजे एका म्हाताऱ्या पेंटरला गप्पा मारायला माणूस हवंय, एवढंच मला त्या पत्रात दिसलं होतं. एप्रिलमध्ये कपाट आवरताना ते पुन्हा हाती आलं. खाली फोन नंबर होता. उचलला त्यांच्या मुलीनं, शबानानं.

"तुमचं कार्ड अब्बांनी जपून ठेवलंय, मॅडम," ती म्हणाली. "पण जानेवारीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. आणि बोलणं गेलं."

मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "तरी या. येते म्हणाला होता ना तुम्ही."

बारामती

नीरेवरून येताना माळेगावचा कारखाना लागला. गाळप कधीच संपलेलं, धुराडं थंड, रस्त्याकडेला रिकाम्या ट्रॉल्या एकीला एक लावून उभ्या. उन्हानं सगळं पांढरं पडलेलं. आमच्याकडं मे महिन्यातही डोळ्याला हिरवं काहीतरी सापडतं. इथं हिरवा फक्त ऊस, आणि तो जिथं संपतो तिथं एकदम माळ.

रात्र बारामतीत काढली आणि सकाळी इंदापूरच्या एसटीसाठी स्टँडवर आले. तिथं फजिती झाली. हमीदभाईंच्या घरी द्यायला कोकमाचं आगळ घेतलं होतं, त्या बाटलीचं बूच सुटलं. पिशवी, मासिकाचा तो अंक, माझ्या पातळाचे काठ, सगळं लालभडक. शेजारी बसलेली एक बाई दचकून उठली. "आगं बया! लागलं का काय तुम्हाला?"

रक्त नव्हे, सरबत आहे, हे पटवून दिल्यावर ती हसत सुटली. मग मला नळावर घेऊन गेली, पातळाचा काठ स्वतः पिळून दिला. बारामतीजवळच्या कऱ्हाटीची होती. लेकीचं बाळंतपण करायला इंदापूरला निघाली होती, बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी कोकणातून आले म्हटल्यावर तिनं विचारलं, "समुद्राजवळच ऱ्हाता? मी न्हाय बगितला अजून. आमच्याकडं प्यायच्या पाण्याला टँकर, समुद्र कुठला!" आणि मग आपणहूनच म्हणाली, "सासूचा फोटो हाय दर्यातला. नव्या लग्नाचा. इंदापूरच्या जत्रंत काढलेला."

"दर्या म्हणजे काय हो?" मी मुद्दाम विचारलं.

"दर्या म्हंजी मागं असतो त्यो. नारळ, जहाज. फोटूतला." तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं. "तुमच्याकडं न्हाय व्हय?"

म्हणजे पेंटरचं म्हणणं खरं होतं. एका शब्दाचा निकाल लागला म्हणून मला त्या क्षणी आनंदच झाला. अंकाच्या समासात मी तिचं वाक्य तसंच्या तसं टिपून घेतलं.

इंदापूर

बाजारपेठेत जिथं हमीदभाईंचा स्टुडिओ होता, तिथं आता शबानाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वर राहतं घर. शबाना चाळिशीची, चटपटीत, बोलता बोलता कामं उरकणारी. तिनं मला थेट वर नेलं.

खिडकीपाशी खुर्चीत हमीदभाई बसले होते. पंच्याहत्तरीचे असावेत. दाढी नीट कातरलेली, पांढरा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळख पटली असावी, कारण चेहरा एकदम हलला, आणि ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "हलू नका."

मी होते तिथंच थांबले.

"बसा तुम्ही, मॅडम," शबाना म्हणाली. "तेवढे दोनच शब्द राहिलेत. चहा हवा असला तरी हलू नका, दुखत असलं तरी हलू नका. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर तोंडात बसलेलं कधी कधी तेवढंच शिल्लक राहतं. चाळीस वर्षं फोटो काढताना हेच म्हणत होते ना."

जेवायला चिलापीचं कालवण होतं, उजनी धरणाच्या पाण्यातला मासा. आमच्याकडं माशाला खोबरं, इथं शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला, बरोबर ज्वारीची भाकरी. मला चव आवडली आणि तसं मी सांगितलंही. समोर शबाना वडिलांना भरवत होती. दर घासाला ते माझ्याकडं बघत. ज्याला मी सव्वा वर्ष ताटकळत ठेवलं, तो माणूस आता माझ्यासमोर बसून मला काही सांगू शकत नव्हता.

"त्यांना मला काय सांगायचं होतं, तुम्हाला काही कल्पना?"

"कुणालाच नाही बोलले. अम्मीलाही नाही." तिनं त्यांचं तोंड पुसलं. "तुम्ही येणार म्हणून दिवाळीत खाली दोन खुर्च्या काढून ठेवल्या होत्या. रोज पुसायचे."

दुपारी तिनं माळ्यावरून पडदा काढला. मांजरपाटाची मोठी गुंडाळी, उंदरांनी दोन ठिकाणी खाल्लेली. आम्ही दोघींनी ती जमिनीवर पसरली. तोच तो दर्या. डावीकडं दोन नारळ, उजवीकडं तीन डोलकाठ्यांचं जहाज, वर गुलाबी ढग. मी आयुष्यभर मुलांच्या चित्रांना गुण देत आले, माझी नजर आधी लाटांवर गेली. लाटा सरळ आणि समांतर होत्या, उसाच्या सरींसारख्या. किनाऱ्याकडं येणारी एकही नव्हती.

"समुद्र पाहिला होता का त्यांनी?"

"कधीच नाही. कॅलेंडरवरून काढला. मी दोनदा म्हटलं, चला नेते. नको म्हणाले."

पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं होती, एकाशेजारी एक, बरीच. मी विचारलं, स्टुडिओत तर पडदा एकाच जागी टांगलेला असणार, मग एवढी भोकं कशी? शबानाला सांगता येईना. हमीदभाईंनी मात्र पडदा उलगडल्यापासून तोंड भिंतीकडं वळवलं होतं. ते तसंच ठेवून त्यांनी डाव्या हातानं कपाटाकडं खूण केली.

कपाटात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात लोकांनी न नेलेले फोटो होते. सगळ्यांत खाली, वेगळ्या कागदात गुंडाळलेला एक. पागोट्यातला बाप, नऊवारीतली आई, परकर-पोलक्यातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मागं दर्या. आईचा चेहरा मात्र पुसट, दोन चेहरे एकावर एक पडल्यासारखा. फोटोच्या पाठीवर त्याच वळणदार अक्षरात: 'पळसदेव (जुने गाव). दर्या.'

"हे गाव उजनीच्या पाण्यात गेलं," शबाना म्हणाली. "नवं पळसदेव रस्त्यावर आहे, अर्ध्या तासावर."

हमीदभाईंनी तो फोटो आपल्या छातीशी धरला. मग पाय सरकवून सरकवून कोपऱ्यातली चप्पल पुढं ओढली.

"अब्बा, डॉक्टर नको म्हणालेत हादरे."

"हलू नका," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

पळसदेव

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच निघालो. शबाना फ्लेक्स पोचवायची आपली ओम्नी स्वतः चालवत होती. हमीदभाई पुढं, मांडीवर कागदात गुंडाळलेला फोटो. मी मागं, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांत. हमरस्त्यावर धाब्यांच्या पाट्या होत्या, एकीवर 'बॅकवॉटर व्ह्यू' असं लिहिलेलं. उजव्या अंगाला उसाच्या वरून मधूनच पाणी चमकून जाई. एवढं मोठं पाणी, आणि लाटेचा आवाज नाही. मला ते पाणी झोपलेलं वाटलं.

नव्या पळसदेवात एका मासळीवाल्याला फोटो दाखवला. त्यानं तो पार डोळ्याजवळ नेला. "ही पोरगी म्हंजी सुभद्राआक्का न्हवं का? ती शाळंमागं ऱ्हाती. तिच्या आईचा असला फोटो त्यांच्या घरात हाय."

सुभद्राबाई अंगणात बसून तूर पाखडत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई. माहेरच्याच गावात दिलेल्या, त्यामुळं माहेर आणि सासर दोन्ही बुडालेली. मुलगा आणि सून मळ्यात गेली होती. आम्ही हमीदभाईंना लिंबाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. आजारी माणूस बघून सुभद्राबाईंनी काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मग माझ्याकडं वळल्या. शबानाच्या वडिलांना बरं नाही, एवढंच त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, "तुमच्याकडं एक फोटो आहे म्हणे, पाणी यायच्या आधीचा. दर्यातला."

त्या उठल्या. मग आत जाऊन फोटो घेऊन आल्या. चौकटीत बसवलेला, पण काच नव्हती.

"काच आईनंच काढायला लावली," त्या म्हणाल्या. "ह्ये बगा, ह्यो माझा बाप, ही आई, ही मी. आन ह्यो मागला दर्या." त्यांनी तूर बाजूला सारली. "पाणी येनार म्हनून नोटिसा आल्या व्हत्या. बाप म्हनला, गाव सोडायच्या आदी फोटो काढायचा. इंदापूरचा फोटोवाला आला सायकलवर, मागं कॅरेजला ह्यो पडदा. त्यानं काय केलं, आमच्याच घराच्या भितीवर दोन खिळं ठोकलं आन पडदा टांगला. दारावर. नक्षीचं दार व्हतं आमचं, आज्ज्यानं करून घेतल्यालं."

मी हमीदभाईंकडं बघायचं टाळलं.

"आई म्हनली त्याला, दादा, मागं घर दिसू द्या की. तर त्यो म्हनला, घर काय बाई, रोजचंच हाय. दर्या लावला की फोटोला उठाव येतो. बाप बी म्हनला, त्येला कळतंय का तुला? बसली बिचारी. अकरा घरांनी काढलं फोटो त्या दिवशी. अकराच्या अकरा दर्यात. सगळ्या गावात एक भित दिसंल असा फोटो न्हाय, बाई. मंग पानी आलं."

पडद्यावरची ती भोकं मला आठवली. प्रत्येक घराच्या भिंतीवर तो एकदा ठोकला गेला होता. पत्रातला तो दुसरा अर्थ मला आता कळला: दर्या म्हणजे घर झाकणारा.

"आईचा चेहरा पुसट आलाय," मी म्हटलं.

"हालली ती. फोटोवाला वराडतोय आन ही मागं वळून दाराकडं बगतीय. पडदा तेवढा रुंद न्हवता, कडंला बोटभर घर ऱ्हायलं व्हतं दिसत. ह्ये, हितं." त्यांनी फोटोची उजवी कड दाखवली. तिथं काहीच नव्हतं. कागद खरवडून पांढरा झाला होता. "ह्या बोटभर जागंत दाराची चौकट व्हती. आई रोज अंगठा फिरवायची त्याच्यावर. म्हनून काच काढायला लावली. फिरवून फिरवून घालवली तिनं. शेवटी शेवटी तिला कळत न्हवतं काय. मला म्हनायची, सुभद्रे, त्यो पडदा जरा बाजूला कर गं. मी म्हनायची, कर्ते आई. आन बसायची तशीच. काय करनार? फोटोतला पडदा कुटं बाजूला हुतोय?"

शबाना उठली. तिचा चेहरा उतरला होता. ती वडिलांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तो फोटो माझ्या अब्बांनी काढला. ते हेच."

सुभद्राबाईंच्या हातातला फोटो मांडीवर टेकला. हमीदभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळा जोर लावून त्यांनी शब्द बाहेर काढला, आणि आला तो तोच.

"हलू नका. हलू नका. हलू नका."

"तवाबी ह्येच म्हनत व्हता तुमी," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. आवाज चढला नव्हता. "मला वाटलं व्हतं कवा गावला तर इचारीन. आता काय इचारू? ह्याला तर बोलताबी येत न्हाय."

शबानानं वाकून वडिलांच्या मांडीवरचा कागद उलगडला आणि आतला फोटो सुभद्राबाईंच्या हातात दिला. एकाच घडीचे दोन फोटो शेजारी शेजारी आले. हमीदभाईंच्या फोटोची उजवी कड शाबूत होती. बोटभर रुंद पट्टी, तीत दाराच्या चौकटीची उभी नक्षी, वर एक खुंटी, खुंटीला काहीतरी अडकवलेलं.

सुभद्राबाईंनी तो उन्हात धरला.

"इळा हाय," मग म्हणाल्या. "आईचा इळा. खुंटीला. माझ्या ध्यानातच न्हवता." आणि पदर तोंडाशी नेऊन रडायला लागल्या. मी तिथं बसून राहिले. शबाना खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

थोड्या वेळानं त्यांनीच तोंड धुतलं, सगळ्यांसाठी चहा केला. हमीदभाईंना बशीतून पाजायला शबाना पुढं झाली, तर सुभद्राबाईंनी बशी तिच्या हातून घेतली नाही, पण दुसरी बशी आणून दिली, मोठी. "ह्यातून सांडनार न्हाय," म्हणाल्या. मग मला विचारलं, "पानी लई खाली गेलंय औंदा. देऊळ दिसतंय, जोती दिसत्यात. बगायचं का? आई गेल्यापासनं मी गेली न्हाय."

ओम्नी थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेली, मासेमारांच्या गाड्या जातात त्या वाटेनं. समोर चिखलाची भेगाळलेली पांढरी पट्टी, तिच्यापलीकडं पाणी, आणि मध्ये काळ्या दगडांचं जुनं देऊळ, कळसापासून गुडघ्याइतक्या गाळापर्यंत उघडं पडलेलं. अलीकडं दगडांच्या रांगा. घरांची जोती. गाडीचं दार उघडून हमीदभाईंना तिथंच बसतं ठेवलं. शबाना त्यांच्याजवळ थांबली. मी सुभद्राबाईंबरोबर निघाले.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाणी कित्येकदा आलं आणि गेलं. दगड इकडचे तिकडं झालेले, वर शिंपल्यांचा थर. सुभद्राबाई भराभर चालत होत्या. "ह्यो चावडीचा रस्ता. हितनं डाव्या हाताला आमची गल्ली." थांबल्या. "का ह्यो न्हवं?" पुन्हा देवळाकडं पाहिलं, बोटांवर काही मोजलं. "देवळाच्या दारातनं सरळ आलं की पिपरण व्हती. पिपरनीपासनं तिसरं घर." पिंपरणीचं खोडही उरलेलं नव्हतं. एका जोत्यावर त्या उभ्या राहिल्या, मग दुसऱ्यावर. "हितं असंल. न्हाय, ह्ये लई ल्हान हाय." ऊन चढलं होतं. त्यांचा श्वास फुलला. शेवटी दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या मध्येच उभ्या राहिल्या. "गावना बाई. माझं घर मलाच गावना."

मी मागं वळून पाहिलं. दोनशे पावलांवर गाडीत बसलेल्या हमीदभाईंनी डावा हात वर केला होता.

सुभद्राबाईंनीही पाहिलं. त्या सावकाश डावीकडं सरकल्या. हात तसाच वर. अजून दहा पावलं. अजून पाच. मग हात खाली आला.

त्या जिथं पोचल्या होत्या तिथं चार मोठे घडीव दगड होते आणि बाकी गाळ. तसे दगड तिथं सगळीकडंच होते. त्यांनी खाली पाहिलं, पायानं शिंपले बाजूला केले आणि त्यातल्या एका दगडावर बसल्या. पदर डोक्यावर नीट घेतला. मी जवळ गेले नाही.

हात खाली आला तो जागा आली म्हणून, की आजाऱ्याचा हात थकला म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. गाडीपाशी परतल्यावर मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते पाण्याकडं बघत होते.

परतताना सुभद्राबाई माझ्याशेजारी गुंडाळ्यांत अंग चोरून बसल्या. त्यांनी शबानाला विचारलं, "बोलत व्हते तवा का न्हाय आनलंस त्यांना?"

"मला ठाऊकच नव्हतं, मावशी. त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. या मॅडमना सांगणार होते. पत्र लिहिलं होतं."

सुभद्राबाईंनी माझ्याकडं मान वळवली. मग मी सांगितलं. पत्र कधी आलं, कार्डावर काय लिहिलं, झटका कधी आला.

"म्हंजी दिवाळीनंतर आला असता तर?"

"तर बोलत होते ते. दोन महिने."

"दोन म्हैने," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. उतरताना मात्र माझा हात धरून उतरल्या. हमीदभाईंचा फोटो त्यांनी चोळीशी धरला होता. तो परत मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असेल, शबानाचा फोन आला. अब्बा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. माती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी पळसदेवहून सुभद्रामावशी आल्या होत्या, मुलाला घेऊन. दोन तास बसल्या. काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला.

"काय म्हणाल्या?"

"आपण जाऊन आल्यावर त्या रोज तिथं जात होत्या म्हणे, मॅडम. अब्बांनी दाखवलेल्या जागी. सकाळी भाकरी बांधून घ्यायच्या आणि त्या दगडावर बसून खायच्या. सून ओरडायची. जोत्याला पाणी लागेपर्यंत जात होत्या. म्हणाल्या, घर सापडलं, आता पाणी उतरलं की पुन्हा जाईन."

शबानाच्या मागं छपाईच्या मशीनचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. तिनंच बंद केला असावा.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही मावशींबरोबर त्या जागी होता म्हणून विचारते. अब्बांना खरंच माहीत होतं का हो, ते घर कुठलं ते?"

"होतं," मी म्हटलं.